चौलची पायवाट : दत्तजयंतीनिमित्त एक बंदर-दर्शन

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली म्हणजे गोंदिया, तिरोडा, आमगाव भागातील दत्तभक्तांच्या घरी माहूर, गाणगापूर, नरसोबाची वाडी यांचे बेत ठरू लागतात. त्या बेतांत यंदा कोकणातल्या चौलचीही भर घालावी, असे आम्ही सुचवितो. विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई, तेथून अलिबाग आणि पुढे दक्षिणेस सुमारे १७ किलोमीटरवर चौल-रेवदंडा. तेथे मार्गदर्शकाची गरज नाही. दोन पाय आणि एक मोकळा दिवस पुरे.

एके काळचे हे थोर बंदर. कान्हेरीच्या शिलालेखांत ‘चेमुल’च्या दात्यांची नावे कोरलेली आहेत, दहाव्या शतकातील अरब प्रवासी अल मसूदी यास ‘सैमूर’ म्हणतो. पंधराव्या शतकात रशियाचा व्यापारी अफनासी निकितीन येथेच उतरला. आपला गोरा वर्ण पाहून लोक मागे लागतात, हे त्याने कौतुकाने लिहून ठेवले आहे. २००२ साली रेवदंड्यास त्याचे स्मारक उभारण्यात आले.

प्रारंभ रेवदंड्याच्या कोटापासून करावा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी बांधलेला हा कोट १७४० साली मराठ्यांच्या हाती आला. वेशीवरील कोरीव राजचिन्हे अद्याप दिसतात. आत नारळी-पोफळीच्या वाड्यांतून पडक्या चर्चच्या भिंती आणि ‘सातखणी’ नावाचा उंच मनोरा उभा आहे. सातांपैकी सगळे मजले आता नाहीत. भिंतींतून झाडांची मुळे उतरली आहेत. खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगरी किल्ला दिसतो.

तेथून चौलच्या श्रीरामेश्वराकडे वळावे. समोर पुष्करिणी, काठावर दीपमाळा, कौलारू छपराचा सभामंडप. त्या मंडपाच्या भूमीत पर्जन्यकुंड, वायुकुंड व अग्निकुंड अशी तीन कुंडे आहेत. पाऊस ओढ देई तेव्हा पर्जन्यकुंड उघडून देवास साकडे घालावयाचे, ही येथील परंपरा. आम्ही तळ्यांच्या जिल्ह्यातली माणसे. नवेगावबांधच्या पाण्यावर ज्यांची धानशेती पिकली, त्यांना हे कुंड कोणी समजावून सांगावयास नको. पुष्करिणीच्या पायरीवर घटकाभर बसावे. या साऱ्या वाटेवर आम्हांस हीच जागा सर्वांत मोलाची वाटते.

हिंगलाजदेवीची टेकडी थोडी आडवाटेला आहे. देवीचे मूळ स्थान बलुचिस्तानात. ती या किनाऱ्यावर आली ती समुद्रमार्गानेच, असे मानावयास मन सहज तयार होते. टेकडीच्या कुशीत जुनी कोरीव लेणी आहेत. आज शांत वाटणाऱ्या या गावी किती दूरदूरचे लोक येऊन गेले असतील!

खाडी गाळाने भरली, व्यापार मुंबईकडे गेला, बंदर ओसरले. येथे एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. सत्तेने उभारलेले दगड कोसळत आहेत, आणि ज्यापुढे रोज दिवा लागतो ते दगड टिकून आहेत. मात्र भक्तीनेही दगडाला इजा होते. जुन्या कोरीव शिल्पावर ऑइलपेंटचे हात मारण्याची किंवा कोरीव पायरीवरच नारळ फोडण्याची जी हौस गावोगाव दिसते, ती या गावी तरी पाहुण्यांनी आणू नये. त्या दगडांवर गावकऱ्यांच्या पिढ्यांनी हात फिरविला आहे.

शेवट दत्ताच्या डोंगरावर करावा. दत्तजयंतीपासून पाच दिवस येथे यात्रा भरते. पायथ्यापासून दुकाने, खेळणी, मिठाई यांची रीघ लागते. दगडी पायऱ्या चढताना वृद्धांनी उन्हे उतरण्याची वाट पाहावी आणि पाण्याचा तांब्या बरोबर ठेवावा. वर दर्शन झाल्यावर पश्चिमेकडे तोंड करून उभे राहावे. खाली नारळीची दाट राई, पलीकडे समुद्र. सकाळी ज्या कोटातून निघालो, तो त्या राईत कोठे दडला आहे, हे मुलांना शोधावयास सांगावे.