शेवंती आणि पिस्तूल

शिकागोच्या नॉर्थ स्टेट स्ट्रीटवर, होली नेम कॅथेड्रलच्या अगदी समोर, स्कोफील्डचे फुलांचे दुकान होते. १० नोव्हेंबर १९२४ रोजी दुकानाचा एक भागीदार हातात कात्री घेऊन शेवंतीचे देठ छाटत होता. तीन माणसे आत आली. त्यांच्यातल्या एकाने स्वागताचा हात धरला तो सोडलाच नाही. तेवढ्यात बाकीच्यांनी गोळ्या झाडल्या. अमेरिकेत हा प्रकार ‘हस्तांदोलनी खून’ म्हणून प्रसिद्ध आहे.

मेला तो डीन ओबॅनियन. फुलांची त्याला खरीच आवड. टोळीवाल्यांच्या अंत्ययात्रांची फुले त्याच्याच दुकानातून जात. कमाई मात्र चोरट्या दारूची. १७ जानेवारी १९२० पासून अमेरिकेत दारू गाळणे, नेणे, विकणे गुन्हा ठरले होते, पण पिणे नाही! पिणारा निर्दोष, पाजणारा गुन्हेगार. त्यामुळे गिऱ्हाईक होते तसेच राहिले आणि धंदा टोळ्यांकडे गेला. शिकागोच्या उत्तर भागात ओबॅनियन, दक्षिणेत जॉनी टोरिओ आणि त्याच्या हाताखालचा अल कॅपोन.

या धंद्यात कुणी फसवले तर फिर्याद नेणार कुठे? ओबॅनियनने नेमके फसवले. सीबेन ब्रुअरीत त्याचा आणि टोरिओचा वाटा होता. आपण धंदा सोडतोय असे सांगून त्याने आपला हिस्सा ५ लाख डॉलरना टोरिओच्या गळ्यात मारला. १९ मे १९२४ रोजी तिथे पोलिसांची धाड पडली. ओबॅनियनला तिचा सुगावा आधीच होता, असे मानतात. पकडले दोघेही गेले. पण टोरिओचा हा दुसरा गुन्हा, म्हणजे तुरुंग ठरलेलाच.

नोव्हेंबरात सिसिलियन समाजाचे वजनदार पुढारी माइक मर्लो आजाराने वारले. त्यांच्यासाठी फुले न्यायला माणसे येणार हे ठाऊक असल्याने, एरवी अंगावर पिस्तुले बाळगणारा ओबॅनियन त्या दिवशी गाफील राहिला.

चर्चने त्याला धार्मिक अंत्यविधी नाकारला. तरी अंत्ययात्रेला हजारोंची गर्दी लोटली आणि मागून फुलांनी भरलेल्या गाड्या चालल्या. जानेवारी १९२५ मध्ये टोरिओवर त्याच्या घरासमोर गोळीबार झाला. तो वाचला, शिक्षा भोगली आणि सगळा कारभार २६ वर्षांच्या कॅपोनच्या हवाली करून बाजूला झाला.

ओबॅनियनची गादी चालवणाऱ्या हायमी वाइसने आपला अड्डा त्याच दुकानाच्या माडीवर ठेवला होता. ११ ऑक्टोबर १९२६ रोजी तो रस्ता ओलांडून दुकानाकडे येत असताना शेजारच्या इमारतीच्या खिडकीतून मशीनगन चालली. वाइस रस्त्यातच कोसळला. दोन्ही खुनांसाठी कुणालाही शिक्षा झाली नाही. वाइसला चुकलेल्या गोळ्या समोरच्या कॅथेड्रलवर आदळल्या आणि कोनशिलेवर कोरलेल्या बायबलच्या वचनाची अक्षरे उडाली.