चाकांवरच्या घराचा हिवाळा

- विशेष प्रतिनिधी

उन्हाळा सरला की युरोपातील बहुतेक कॅरॅव्हॅन अंगणात किंवा गोदामात आच्छादन पांघरून वसंताची वाट पाहत उभ्या राहतात. एका वर्गाची खरी सहल मात्र याच सुमारास सुरू होते. डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत घर सोबत घेऊन निघणाऱ्या या प्रवाशांची संख्या मोठी आहे. त्यांच्यासाठी वर्षभर खुले राहणारे तळही उभे राहिले आहेत. परंतु हिवाळ्यातील हा प्रवास उन्हाळ्यातील सहलीसारखा निश्चिंत नसतो. गॅस, पाणी आणि हवा या तीन गोष्टींचे गणित चुकले, तर तो जिवावरही बेतू शकतो.

मोटारीमागे जोडून ओढल्या जाणाऱ्या घराला ब्रिटनमध्ये कॅरॅव्हॅन म्हणतात, तर स्वतःचे इंजिन असलेल्या वाहनाला मोटारहोम. भारतात दोहोंसाठी कॅरॅव्हॅन हाच शब्द रूढ झाला आहे. केवळ हौसेखातर बांधलेली पहिली कॅरॅव्हॅन म्हणून 'वाँडरर'चा उल्लेख केला जातो. नौदलातून निवृत्त झालेले डॉक्टर व लेखक विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये ती तयार करून घेतली होती. ती ओढण्यासाठी घोडे जुंपावे लागत. पुढे १९०७ मध्ये ब्रिटनमध्ये कॅरॅव्हॅन क्लबची स्थापना झाली आणि या छंदाला संघटित रूप आले.

ऊन शोधणारे आणि बर्फ शोधणारे

हिवाळी प्रवाशांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. पहिला गट थंडीपासून पळणाऱ्यांचा. उत्तर युरोपातील निवृत्त दांपत्ये स्पेनचा भूमध्य किनारा किंवा पोर्तुगालमधील अल्गार्व्ह गाठतात आणि मार्चपर्यंत तेथेच मुक्काम ठोकतात. उत्तर अमेरिकेत फ्लोरिडा आणि ॲरिझोनाकडे असाच ओघ असतो. तेथे या मंडळींना हिमपक्षी या अर्थाच्या नावानेच ओळखले जाते. ब्रिटिश प्रवाशांच्या या प्रथेला मात्र १ जानेवारी २०२१ पासून मर्यादा पडली आहे. युरोपीय संघातून ब्रिटन बाहेर पडल्याने त्यांना व्हिसाशिवाय शेंजेन क्षेत्रात कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. पूर्वी संपूर्ण हिवाळा स्पेनमध्ये काढणाऱ्यांना आता परतीची तारीख मोजून ठरवावी लागते.

दुसरा गट थंडीला सामोरे जाणाऱ्यांचा. आल्प्स पर्वतातील ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, जर्मनी व इटलीच्या भागांत स्कीइंगच्या मैदानांजवळ त्यांचे तळ पडतात. या गटासाठी वाहनाची बांधणी निर्णायक ठरते. युरोपीय मानकांत कॅरॅव्हॅनच्या उष्णतारोधक क्षमतेच्या तीन श्रेणी आहेत. बाहेर उणे १५ अंश सेल्सिअस तापमान असताना आत २० अंश ऊब राखू शकेल, अशाच वाहनाला तिसरी, म्हणजे सर्वोच्च श्रेणी मिळते.

सिलिंडर भरलेला, शेगडी बंद

कॅरॅव्हॅनमधील स्वयंपाक आणि बहुतांश वेळा ऊबही गॅसवर अवलंबून असते. सिलिंडरमध्ये द्रवरूप असलेला गॅस वायुरूप झाला, तरच तो शेगडीपर्यंत पोहोचतो. ब्यूटेनचा उत्कलनबिंदू उणे अर्ध्या अंशाच्या आसपास आहे. त्यामुळे पारा शून्यावर आला की सिलिंडर भरलेला असूनही ज्योत पेटत नाही. प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होऊ शकतो. म्हणूनच थंडीची चाहूल लागताच जाणकार प्रवासी प्रोपेनचे सिलिंडर घेतात. भारतातील घरगुती गॅस हे या दोहोंचे मिश्रण असते. त्यामुळे लडाख किंवा स्पितीकडे जाणाऱ्यांनाही हा फरक जाणवतो. तेथे डिझेलही गोठते. त्यावर उपाय म्हणून इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे विशेष हिवाळी डिझेल उपलब्ध केले.

पाण्याची अडचण वेगळी. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते आणि नळ्या, पंप, पाणी तापविण्याची टाकी यांना तडे जातात. अनेक वाहनांत तापमान तीन अंशांच्या आसपास उतरताच टाकी आपोआप रिकामी करणारी झडप बसविलेली असते. वाहन वापरात नसेल, तर सर्व पाणी काढून नळ उघडे ठेवणे हाच खात्रीचा मार्ग. बॅटरीचीही काळजी घ्यावी लागते. थंडीत तिची क्षमता घटते. लिथियम बॅटरी तर शून्याखालील तापमानात चार्ज केल्यास कायमची निकामी होऊ शकते.

ऊब आणि घुसमट

हिवाळ्यातील सर्वांत मोठा धोका मात्र थंडीचा नसून थंडी अडविण्याच्या उपायांचा आहे. बंद खिडक्यांच्या आत श्वासोच्छ्वास, ओले कपडे आणि स्वयंपाक यांतून बाष्प साठत जाते. एक किलो प्रोपेन जळताना दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने निर्माण होते. ही वाफ थंड काचांवर आणि गाद्यांखाली ओल धरते व बुरशी वाढते. झरोका किंचित उघडा ठेवून आत ऊब राखणे, हा त्यावरील उपाय. पण गारठ्याने त्रासलेले प्रवासी नेमका तोच झरोका चिंध्यांनी बुजवितात.

तेथेच खरे संकट दडलेले असते. कॅरॅव्हॅनच्या तळाशी मुद्दाम छिद्रे ठेवलेली असतात. गळणारा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो त्यांतून बाहेर पडतो. कार्बन मोनॉक्साइडचे तसे नाही. तो हवेइतकाच हलका, रंगहीन आणि गंधहीन असतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे जोडला जातो. डोकेदुखी, मळमळ आणि गुंगी ही त्याची लक्षणे प्रवासाचा शीण म्हणून दुर्लक्षिली जातात आणि झोपेतच शुद्ध हरपते. विझल्यासारखे दिसणारे निखारेही कित्येक तास हा वायू सोडत राहतात. त्यामुळे शेगडी किंवा बार्बेक्यू वाहनात अथवा त्याला जोडलेल्या तंबूत आणणे प्राणघातक ठरू शकते.

हा धोका केवळ शीत प्रदेशांपुरता नाही. केरळमधील वडकरा येथे २३ डिसेंबर २०२४ रोजी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघे जण मृतावस्थेत आढळले. जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याने त्यांचा मृत्यू झाल्याचा निष्कर्ष तज्ज्ञांच्या तपासणीतून पुढे आला. तेथे बर्फ नव्हता, की गोठविणारी थंडीही नव्हती. होते ते फक्त बंद वाहन आणि सुरू असलेले यंत्र.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये स्वतंत्र कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले. येथे महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठण्याइतकी थंडी क्वचितच पडते. नळ फुटण्याची भीती जवळपास नाहीच. हिवाळा हाच राज्यातील भटकंतीचा सर्वोत्तम काळ. मात्र भाड्याने वाहन घेताना केवळ पलंग आणि स्वयंपाकघर पाहून भागणार नाही. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटा बसविली आहे का आणि ती चालू आहे का, जनरेटरचा धूर कोठून बाहेर पडतो, झरोके मोकळे आहेत का, हे तीन प्रश्न चालकाला आधी विचारायला हवेत. झोपण्यापूर्वी जनरेटर, शेगडी आणि वाहनाचे इंजिन बंद करावे. रात्र थोडी गार गेली, तरी एका जादा रजईने ती निभावता येते.