पंढरपूरचे हुसेन, लूव्रमधली मॅडलिन आणि रॅप: म्युझियमचं ऑनलाइन कलेक्शन असंही बघता येतं!

सोलापुरात बसून पॅरिसचं लूव्र म्युझियम बघता येतं, तेही फुकट. मार्च २०२१ मध्ये लूव्रनं ४ लाख ८२ हजारांहून जास्त वस्तूंच्या नोंदी ऑनलाइन खुल्या केल्या.

पण अडचण पुढे आहे. सर्चचा चौकोन समोर येतो आणि टाइप काय करायचं तेच सुचत नाही. मोनालिसा बघून झाली की टॅब बंद.

इथं हिप हॉप कामाला येतं. कसं? रॅपर गाण्यात आधी काय सांगतो ते आठवा. स्वतःचं नाव आणि एरिया. जुन्या गाण्याचा तुकडा उचलून नवं करणं ही दुसरी सवय. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ११ ऑगस्ट १९७३ च्या ज्या पार्टीपासून हिप हॉपचा जन्म मोजतात, तिथं डीजे कूल हर्क हेच करत होता. कलेक्शन बघताना हेच तीन प्रश्न विचारायचे.

१. नाव काय?

२०१८ मध्ये बियॉन्से आणि जे-झी यांनी लूव्रमध्ये व्हिडिओ शूट केला. तो इतका गाजला की म्युझियमनं त्यात दिसणाऱ्या १७ कलाकृतींची खास टूरच सुरू केली. त्यात १८०० सालचं एका कृष्णवर्णीय स्त्रीचं चित्र आहे. चित्रकार मारी-गियमिन बनुआ. चित्रातल्या बाईची ओळख मात्र शीर्षकात वर्षानुवर्षं फक्त तिच्या वर्णावरून होती. २०१९ मध्ये पॅरिसच्याच ओर्से म्युझियमच्या प्रदर्शनात तिचं नाव लावलं गेलं: मॅडलिन.

२. कुठला?

आपल्या जिल्ह्यापासून सुरुवात करा. एम. एफ. हुसेन यांचा जन्म १९१५ चा, पंढरपूरचा. मुंबईत त्यांनी सिनेमाची होर्डिंग रंगवली. त्यांचं १९५५ चं 'जमीन' हे चित्र दिल्लीच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टकडे आहे. हुसेन लहान असतानाच आई वारली, तिचा चेहरा त्यांना आठवत नव्हता. त्यांनी काढलेल्या मदर तेरेसांना चेहरा नसतो, तो यामुळंच असं ते सांगायचे. एका रॅपला एवढा विषय पुरतो.

३. यातून काय उचलता येईल?

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०२० मध्ये 'सिटिझन डीजे' हा प्रकल्प आणला. ब्रायन फू यांनी बनवलेल्या या साइटवर संग्रहातले जुने आवाज उचलून ब्राउझरमध्येच बीट बनवता येते. चित्रांच्या बाबतीत न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमनं २०१७ मध्ये पावणेचार लाख फोटो परवानगीशिवाय वापरायला खुले केले.

पण सगळंच उचलता येतं का?

नाही. भारतात चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. हुसेन २०११ मध्ये गेले, म्हणजे २०७१ संपेपर्यंत त्यांचं चित्र व्हिडिओत वापरायला परवानगी हवी. चित्र बघून स्वतःचे शब्द लिहायला कुणाची हरकत नाही. राजा रविवर्मा १९०६ मध्ये आणि कोल्हापूरचे एम. व्ही. धुरंधर १९४४ मध्ये गेले, त्यांच्या चित्रांची मुदत संपली आहे. तरी फोटो घेण्याआधी त्या साइटच्या अटी वाचाच.

सोलापूरला याचं काय?

मेटच्या साइटवर 'बिदरी' शोधा. आपल्या शेजारच्या बिदरच्या कारागिरीची हुक्क्याची भांडी दिसतील. काळ, धातू, मापं सगळं लिहिलेलं असतं. घडवणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा नसतं.

सोलापुरी चादरीचंही तसंच. जीआय मानांकनानं गावाचं नाव पक्कं झालं. पण तेलंगणातून येऊन पूर्व भागात माग लावणाऱ्या पद्मशाली विणकरांपैकी कुणाचं नाव चादरीवर असतं? ती नावं अजून घराघरांत आजी-आजोबांना पाठ आहेत. मॅडलिनचं नाव लागायला २०० वर्षं गेली. इथं आजोबांना विचारून, मागाच्या खटखटीवर चार ओळी रेकॉर्ड करायला एक मोबाईल पुरतो.