खरखर राहू द्या

महागडे स्पीकर घरात आणलेल्या माणसाची पंचाईत अशी, की त्याचं सगळ्यात लाडकं गाणं त्यावर सगळ्यात वाईट वाजतं. म्हणून आम्ही हाय-फायवाले यंत्राची परीक्षा घ्यायला स्टुडिओतलं लखलखीत काहीतरी लावतो आणि पाहुणे गेले की अब्दुल करीम खाँची जुनी, खरखरती तबकडी.

१९०२ साली ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्गने कोलकात्यात गायिका गौहर जानचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा मायक्रोफोन नव्हताच. भोंग्यात तोंड घालून गायचं. आवाजाच्या जोरानं पडदा हलायचा आणि सुई मेणावर रेघ कोरायची. खालचा भरीवपणा आणि वरची झळाळी दोन्ही गळायचं. उरायचा तो टेलिफोनपेक्षाही अरुंद पट्टा. तबकड्या छापायला हॅनोवरला जात. तिथल्या लोकांना गाणारी कोण हे कळावं म्हणून बाई शेवटी इंग्रजीत आपलं नाव सांगतात.

१९२५ पासून विजेवरचं मुद्रण सुरू झालं आणि चित्र पालटलं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या शतकारंभीच्या तबकड्या आणि १९३०च्या दशकातली झिंझोटीतली ठुमरी पाठोपाठ ऐका, फरक सांगावा लागणार नाही. पण जुन्या तबकडीतही आवाज पोकळ का वाटत नाही? मूळ कंपन गळालं तरी त्याचे वरचे स्वरांश शिल्लक असले, की मेंदू मूळ स्वर स्वतःच उभा करतो. फोनवर जाड आवाजाचा मामा ओळखू येतो तो असाच. खरखर तर गाणंभर सारखीच असते; जरा वेळानं कान तिच्याकडे लक्ष देत नाही.

कान माफ करत नाही तो चुकीचा वेग. त्या काळी सगळ्या तबकड्या मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नसत. ७६ ची तबकडी ७८ नं फिरवली, तर पेटीवरच्या पांढरी एक आणि काळी एक यांतल्या अंतराच्या जवळजवळ निम्म्यानं सूर चढतो आणि गवय्या उगाच घाईत वाटतो. दुसरा गुन्हा अति-सफाईचा. संगणकानं खरखर काढताना आवाजाची धारही जाते, ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात. माझ्या मते असली स्वच्छ प्रत मूळ मळक्या प्रतीहून वाईट.

मळकी का होईना, प्रत हाती असणं हेच मोठं. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली ती केसरबाई केरकरांची भैरवी, ‘जात कहाँ हो’, जेमतेम साडेतीन मिनिटांची. त्यांचे गुरू अल्लादिया खाँ यांच्या गाण्याची तर एवढीही खूण आपल्या हाती नाही. हे आठवलं की खरखरीबद्दल कुरकुरायची लाज वाटते.

खासगी मैफलींच्या टेपांची गोष्ट वेगळी. तिथं खोकला, चहाच्या कपांची किणकिण, तबल्याखाली दबलेला तंबोरा. पण तबकडीची तीन मिनिटांची कात्री नाही. राग हवा तेवढा फुलतो, दाद मिळाली की गवय्या तीच जागा पुन्हा, वेगळ्या वाटेनं घेतो. अशा टेपा अजून कितीतरी घरांच्या माळ्यावर आहेत आणि चुंबकीय थर दरवर्षी थोडा थोडा झडतो आहे. तुमच्याकडे असतील तर जाणकाराकडून संगणकावर उतरवून घ्या, आणि सफाई न केलेली एक प्रत आवर्जून वेगळी ठेवा.