पायलटचा पगार मोठा खरा, पण तो मोजला जातो कशावर?

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. ५ डिसेंबरला तर एकाच दिवसात हजाराच्या वर विमाने उडालीच नाहीत. पुणे, मुंबई, गोवा, हैदराबाद, बेंगळूर, म्हणजे सीमाभागातल्या माणसाचे जिथे जिथे येणे-जाणे असते, त्या विमानतळांवर बॅगांचे ढीग लागले. लोक फरशीवर झोपले. कारण पुढे आले ते पायलटांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांचे. मग चहाच्या टपरीपासून व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत एकच सूर ऐकू येऊ लागला: महिन्याला आठ-दहा लाख घेतात, वर झोप पण पुरेशी पाहिजे म्हणे!

हा प्रश्न बेळगावला तसा लांबचा नाही. विमानतळ प्राधिकरणाने २०२१ मध्ये पायलट प्रशिक्षण संस्थांसाठी देशातले पाच विमानतळ निवडले, त्यात बेळगाव, कलबुर्गी आणि जळगाव होते. सांबऱ्याच्या आकाशात छोटी विमाने घिरट्या घालताना दिसली की आजूबाजूच्या घरांत बारावी सायन्सच्या पोरांना ती दाखवली जातात. जमीन विकून, घर गहाण ठेवून मुलाला पायलट करावे का, असे विचारणारे पालक आता खानापूर-चंदगडकडेही आहेत. म्हणून हा आकडा नीट उलगडून बघायला हवा.

मोठ्या कंपनीतल्या, एअरबस किंवा बोइंग चालवणाऱ्या कॅप्टनला आज महिन्याला सात ते दहा लाखांच्या घरात पगार पडतो. नव्या सहवैमानिकाला, म्हणजे फर्स्ट ऑफिसरला, साधारण दीड ते अडीच लाख. पण हा सरकारी नोकरीसारखा एकगठ्ठा पगार नसतो. त्याचा मोठा भाग ‘फ्लाइंग अलाउन्स’ असतो आणि तो तासावर मिळतो. तास कुठला? विमान निघण्यासाठी चाकाखालचे अडसर काढले तिथून, ते पोचल्यावर पुन्हा अडसर लावले तिथपर्यंत. याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्याआधी तास-दीड तास येऊन हवामान, इंधन, कागदपत्रे तपासणे, दारूची चाचणी देणे, दोन उड्डाणांच्या मध्ये विमानतळावर ताटकळणे, हे सगळे ड्युटीत धरले जाते, पण ब्लॉक टाइममध्ये नाही.

कंपनी महिन्याला ठराविक तासांची हमी देते. विमान उडो वा न उडो, तेवढ्या तासांचे पैसे मिळणार. खरी भांडणे या हमीच्या तासांवर होतात. एप्रिल २०२४ मध्ये विस्तारा कंपनीत हेच झाले. एअर इंडियात विलीन होण्याआधी पायलटांपुढे नवा करार आला आणि त्यात हमीचे तास ७० वरून ४० वर आले. पायलट आजारपणाच्या रजेवर जाऊ लागले आणि कंपनीला रोजची २५ ते ३० उड्डाणे कमी करावी लागली. ३० तासांचा फरक किती मोठा? समजा तासाला ५,००० रुपये धरले, तर महिन्याला दीड लाखाची खात्री गेली. पैसे मिळतीलही, पण उडलात तर. घराचा हप्ता मात्र ‘उडलात तर’ नसतो.

आता प्रवाशाच्या बाजूने हिशेब मांडू. कॅप्टनचे महिना ९ लाख आणि सहवैमानिकाचे ३ लाख धरा. महिन्याला ७५ तास उड्डाण. म्हणजे दोघे मिळून तासाला १६,००० रुपये. एअरबसमध्ये १५० प्रवासी असतील तर माणशी तासाला १०७ रुपये. गोवा ते हैदराबाद जाताना कॉकपिटमधल्या दोघांसाठी प्रवासी सव्वाशे-दीडशे रुपये देतो. विमानतळावर चहा आणि सामोसा यापेक्षा महाग पडतो. दोघांचा पगार एकदम २० टक्के वाढवला, तरी तासामागे तिकीट २१ रुपयांनी वाढेल. भारतीय विमान कंपनीच्या खर्चात खरा डोंगर इंधनाचा असतो, तो तिसऱ्या हिश्शाच्या आसपास जातो. पायलटांच्या पगाराने तिकीट महागते हे म्हणणे त्यामुळे फारसे टिकत नाही.

छोट्या विमानाचे गणित मात्र वेगळे बसते. बेळगाव-बेंगळूरसारख्या मार्गावर एटीआर असते, ७८ आसनांचे. तिथला पगार कमी. कॅप्टनला ६ लाख, सहवैमानिकाला २ लाख धरले, तरी ६० प्रवाशांत वाटल्यावर माणशी तासाला १७८ रुपये होतात. पगार कमी असूनही प्रवाशामागे भार जास्त! त्यामुळे प्रादेशिक कंपन्या हात आखडता घेतात, आणि त्यांचे पायलट अनुभव मिळाला की मोठ्या विमानाकडे पळतात. त्यात ब्लॉक टाइमचा जाच वेगळाच. सव्वा तासाचे उड्डाण करणारा पायलट दिवसात चार वेळा विमान चढवतो-उतरवतो, तेही पावसाळ्यात घाटमाथ्याच्या ढगांतून. लांब पल्ल्याचा पायलट तेवढ्याच तासांत एकदा चढतो, एकदा उतरतो. पायलटच्या कामात सगळ्यात कठीण असते ते हे चढणे-उतरणेच. तासाच्या मीटरला ते दिसत नाही.

‘शे-दीडशे जीव हातात असतात, म्हणून पगार मोठा’ हे कारण बहुतेक जण देतात. ऐकायला बरे वाटते, पण खरे नाही. चोर्ला घाटातून रात्री गोव्याची बस काढणाऱ्या वायव्य कर्नाटक परिवहनच्या किंवा कदंबाच्या ड्रायव्हरच्या हातातही पन्नास जीव असतात. धुके, दरड, समोरून येणारा कंटेनर हे सगळे त्याच्याही वाट्याला येते, आणि त्याच्या गाडीला ऑटोपायलट नाही. त्याला कॅप्टनच्या पगाराचा छोटासा तुकडा मिळतो. बाजार जिवांची किंमत करत नाही, टंचाईची करतो. तयार कॅप्टन व्हायला सहा-आठ वर्षे जातात, तो आयत्या वेळी मिळत नाही, म्हणून तो महाग.

टंचाई आहे तर पायलटांचा भाव आणखी का वाढत नाही? इथे एक नियम आडवा येतो, ज्याची चर्चा फार होत नाही. डीजीसीएने २०१७ मध्ये नोटीस पिरियड ठरवून दिला. कॅप्टनला नोकरी सोडायची तर एक वर्ष आधी कळवायचे, सहवैमानिकाने सहा महिने आधी. कारण सांगितले गेले की पायलट अचानक गेले तर उड्डाणे रद्द होतात, लोकांचे हाल होतात. त्यात तथ्य आहेच. २०२३ मध्ये आकासा एअरचे ४३ पायलट नोटीस न पाळता गेले, उड्डाणे रद्द झाली, कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. पण जमाखर्चाच्या दृष्टीने बघितले तर हा सौदा एका बाजूला झुकलेला आहे. बँकेतला अधिकारी किंवा सीए दोन-तीन महिन्यांत नवी नोकरी धरतो, त्यामुळे जुन्या मालकाला त्याचा भाव राखावा लागतो. पायलटला दुसऱ्या कंपनीने जास्त देऊ केले तरी वर्षभर थांबावे लागते, आणि तोवर ती जागा राहीलच असे नाही. शेतकऱ्याला एकाच अडत्याकडे माल घाल म्हटल्यावर भाव काय मिळणार, तसेच हे.

उलट कंपनीच बुडाली तर? किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर आली, तेव्हा पायलटांसह सगळ्यांचे पगार महिनोन्‌महिने थकलेले होते. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज बंद पडली, तेव्हाही तेच. जेटचे प्रकरण लांबत लांबत नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी विकून देणी भागवण्याचा आदेश देईपर्यंत गेले. गो फर्स्ट २०२३ मध्ये थांबली. दहा-बारा वर्षांत तीन मोठ्या कंपन्या. मोठ्या पगारात या जोखमीचीही भरपाई धरलेली असते.

आणि शरीराची जोखीम. पायलटची वैद्यकीय तपासणी ठराविक काळाने होते, दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर परीक्षा होते. पंचेचाळिसाव्या वर्षी हृदयाचा एखादा दोष निघाला तर डॉक्टर, वकील, शिक्षक कामावर जातात, पायलट घरी बसतो.

पगार आणि सुरक्षितता यांचा संबंध कसा असतो, याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलो शहराजवळ कोल्गन एअरचे छोटे विमान पडले, जमिनीवरच्या एकासह ५० जण गेले. कॅप्टनने चुकीची कृती केली हे चौकशीत मुख्य कारण ठरले. पण चौकशीत हेही बाहेर आले की चोवीस वर्षांच्या सहवैमानिक मुलीचा पगार वर्षाला २४ हजार डॉलरच्याही आत होता. ती देशाच्या दुसऱ्या टोकाला आईवडिलांकडे राहत होती आणि रात्रभर प्रवास करून ड्युटीवर आली होती. त्याच महिन्यात हडसन नदीत विमान उतरवून १५५ जणांना वाचवणारे कॅप्टन सलेनबर्गर अमेरिकी संसदेच्या समितीपुढे आले आणि त्यांनी सांगितले की त्यांचाच पगार ४० टक्के कापला गेला आहे, पेन्शन गेली आहे. सगळे जग ज्याला हीरो म्हणत होते त्याची ही गत! तिथल्या छोट्या कंपन्यांचे पगार काही पटींनी वाढले ते पुढे २०२२ च्या सुमारास, पायलटच मिळेनात तेव्हा. पुन्हा टंचाईच.

आपल्याकडचे उदाहरण जवळचे आणि दुखरे आहे. ७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडला एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान पावसात धावपट्टीच्या पुढे जाऊन कोसळले. २१ जणांचा जीव गेला, त्यात हवाई दलातून आलेले नागपूरच्या घरातले कॅप्टन दीपक साठे होते. ठरलेली पद्धत पाळली गेली नाही आणि विमान उशिरा टेकले, हे संभाव्य कारण चौकशी अहवालाने नोंदवले. पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. कोळिकोडला २६ सहवैमानिकांमागे कॅप्टन नेमलेला एकच होता. दुसऱ्या दिवशी सकाळचे विमान साठे यांनाच न्यायचे होते. विमान दुसरीकडे वळवले असते तर ते उड्डाण अडले असते. तिथेच उतरण्याचा दबाव यातून आला, असे चौकशी करणाऱ्यांनी म्हटले आणि कंपनीच्या मनुष्यबळ धोरणावर बोट ठेवले. वाईट हवामानात ‘इथे उतरत नाही, दुसरीकडे नेतो’ म्हणणे, याच्यासाठीच कॅप्टन पोसायचा असतो. ते म्हणायला त्याच्यामागे दुसरा कॅप्टन उभा पाहिजे, म्हणजे कंपनीने आणखी एक मोठा पगार उचलला पाहिजे.

विश्रांतीच्या नियमांकडे याच नजरेने बघावे लागते. जानेवारी २०२४ मध्ये ते जाहीर झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, रात्रीचे लँडिंग सहाऐवजी दोन. आठवड्याला १२ तास जास्त म्हणजे वर्षाला ६२४ तास, सरळ २६ दिवस. तेवढीच उड्डाणे करायची तर जास्त पायलट ठेवावे लागणार हे पाचवीच्या पोरालाही कळेल. दिल्ली उच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर नियम जुलै आणि नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. तयारीला जवळपास दोन वर्षे मिळाली होती. नियोजनात चूक झाली हे इंडिगोने नंतर मान्य केले, आणि डीजीसीएने रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सवलत दिली. भरती न करून वाचवलेले पैसे शेवटी प्रवाशांकडून वसूल झाले, रद्द तिकिटांच्या रूपात.

मोठ्या कंपनीच्या कॅप्टनवर पगारात अन्याय होतो, असे म्हणणे धाडसाचे होईल. त्याला कमी पडते ती झोप. पगार खरोखर अपुरा आहे तो खालच्या पायरीवर. बारावीनंतर २०० तास उड्डाण करून लायसन्स, मग एअरबस किंवा बोइंगचे टाइप रेटिंग, असे मिळून आज ७०-८० लाख सहज जातात, कंपन्यांच्या कॅडेट योजनांत कोटीच्या पुढे. ८० लाखांचे कर्ज १० टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतले तर हप्ता महिन्याला १ लाख ५ हजारांच्या वर बसतो. दोन लाख पगारातून कर कापून काय उरते ते घरी कागद-पेन घेऊन बघावे. तेही नोकरी लगेच लागली तर. २०२३ मध्ये देशात १,६२२ जणांना कमर्शियल लायसन्स मिळाले, तोवरचा विक्रम. ‘पायलटांची टंचाई’ ज्याला म्हणतात ती कॅप्टनची असते. २०० तासवाल्यांची रांग असते, आणि त्या रांगेत व्याज चालूच राहते.

तेव्हा प्रशिक्षण संस्थेत चौकशीला जाणाऱ्या पालकांनी ‘कॅप्टनला किती मिळतात’ हे विचारून फारसे हाती लागणार नाही. मागच्या दोन बॅचमधल्या किती जणांना नोकरी लागली आणि लायसन्सनंतर किती महिन्यांनी, २०० तास पुरे व्हायला प्रत्यक्षात किती वेळ लागतो, टाइप रेटिंग फीमध्ये धरले आहे का, कंपनीचा बाँड किती वर्षांचा आणि किती रकमेचा, आणि ऑफर लेटरवर हमीचे तास किती लिहिले आहेत, हे विचारावे. उत्तर लेखी मागावे.