माणसे आहेत, मग कारागीर का मिळत नाहीत?

अंधेरी-बोरिवलीकडे काय किंवा घाटकोपर-मुलुंडकडे काय, आज एक विसंगत चित्र दिसते. गृहनिर्माण संस्थांना नळदुरुस्तीसाठी, वायरिंगसाठी कारागीर वेळेवर मिळत नाही. आणि शेजारच्याच वस्तीत पदवीधर तरुण कामाच्या शोधात फिरत असतो. कामगारांची टंचाई आणि बेकारी एकाच ठिकाणी कशी नांदते, हे आपण समजून घेतले पाहिजे.

२०२० साली ही टंचाई सर्वांच्या डोळ्यांत भरली. २५ मार्चपासून टाळेबंदी लागू झाली, १ मेपासून श्रमिक विशेष गाड्या सुटू लागल्या आणि लाखो कामगार गावी परतले. पुढे निर्बंध सैल झाले तेव्हा माणसांअभावी बांधकामे व कारखाने अडले. राज्य शासनाने ६ जुलै २०२० रोजी 'महाजॉब्स' हे संकेतस्थळ सुरू केले व नोंदणीसाठी महाराष्ट्रातील अधिवासाची अट ठेवली. परंतु नाव नोंदवल्याने हाताला कसब येत नाही.

या प्रश्नाचा इतिहास आपल्याला जवळचा आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना जास्त पगाराच्या विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो, म्हणून विटाळ होतो, असे कारण दिले जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा अन्याय पुढे मांडला. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. युद्धामुळे तेव्हा कुशल कारागिरांची मोठी टंचाई होती. तंत्रशिक्षणाची योजना त्यांच्याच खात्याकडे होती. बेव्हिन योजनेखाली भारतीय कारागीर इंग्लंडला प्रशिक्षणासाठी जात. त्याच वर्षी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या तांत्रिक शिक्षणासाठी तरतूद मागितली. १९४५ मध्ये सेवायोजन कार्यालये सुरू झाली. टंचाईच्या काळात बंद दारे उघडतात, परंतु आत शिरतो तो शिकलेलाच, हा यातला धडा आहे.

आज आपल्या तरुणांच्या वाटेत तीन अडचणी आहेत.

पहिली, प्रशिक्षण. मुलुंड, कुर्ला येथे शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्यासाठी दहावी लागते. वेल्डरचा एक वर्षाचा, त्याला आठवी पुरते. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतन घेऊन काम शिकता येते.

दुसरी, पुरावा. वडिलांच्या किंवा मिस्त्रीच्या हाताखाली काम शिकलेल्या मुलाजवळ कागद नसतो. अशांची परीक्षा घेऊन पूर्वानुभवाचे प्रमाणपत्र देण्याची सोय केंद्र शासनाच्या कौशल्य विकास योजनेत २०१५ पासून झाली.

तिसरी, ओळख. काम कोठे आहे हे कारागिराला कळत नाही आणि कारागीर कोठे आहे हे संस्थेला कळत नाही. येथे मंडळ मोठे काम करू शकते. विहारात एक वही ठेवावी. तिच्यात नाव, कसब, किती वर्षांचा अनुभव व मोकळा वेळ लिहावा. दोन सभासदांनी महिन्यातून एकदा ती पडताळावी आणि परिसरातील गृहनिर्माण संस्थांना यादी द्यावी. गरजूंना हत्यारांची पेटी उसनी देण्याचाही विचार व्हावा.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. माणूस मिळत नाही म्हणून गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरण्यासाठी आपल्याच वस्तीकडे बोट दाखवले जाते. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय अशा धोकादायक सफाईस माणूस लावणे हा गुन्हा ठरवला आहे. अशा मृत्यूबद्दलची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तीस लाख रुपये केली; पण गेलेला जीव पैशाने परत येत नाही. असे काम आमच्या वहीत नोंदवले जाणार नाही, हे मंडळाने स्पष्ट सांगावे.

विद्यार्थी मित्रांनो, पदवी अवश्य घ्या. तिच्या जोडीला हातात एक कसबही असू द्या. आणि पालकांनो, मुलगी इलेक्ट्रिशियन होते म्हणाली तर तिला अडवू नका. वहीतले पहिले नाव तिचे असले तर आम्हाला आनंदच होईल.