पुढची संख्या कोणती?

सिद्धेश्वरला आम्ही आठवीच्या मुलांची सराव परीक्षा घेतली होती. एन.एम.एम.एस. शिष्यवृत्तीची तयारी. एक प्रश्न अगदी साधा : १, २, ४, ?

एका मुलीने ७ लिहिले. आमच्या उत्तरसूचीत ८ होते. आम्ही फुली मारून मोकळे झालो.

दुसऱ्या दिवशी तिची अम्मी तिला घेऊन शाळेत आली. "सर, काल रात्री ही जेवलीसुद्धा नाही. म्हणते, माझं बरोबर आहे. जरा बघता का?"

आम्ही मुलीलाच विचारले. ती मान खाली घालून म्हणाली, "सर, आधी एक वाढला, मग दोन. आता तीन वाढणार ना?"

बरोबरच होते. दुप्पट करत गेलो तर ८, वाढता फरक घेतला तर ७. तीनच संख्या देऊन प्रश्न अर्धवट आम्हीच काढला होता. गुण दिला, माफीही मागितली.

गुण एकच, पण या परीक्षेत निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. आठवीनंतर मुलीला शिकवायचे की घरी बसवायचे, हे काही घरांत एवढ्या रकमेवरही ठरते. बौद्धिक क्षमता चाचणीच्या ९० प्रश्नांत अशा मालिका येतातच. खऱ्या परीक्षेतही उत्तर चुकीचे धरले आहे असे वाटले तर गप्प बसू नये. परीक्षा परिषद अंतरिम उत्तरसूची जाहीर करते, तिच्यावर मुदतीत आक्षेप घेता येतो.

घरी सराव घेताना आधी शेजारच्या संख्यांमधला फरक काढायला सांगा. (फरक हा शब्द उर्दूतही हाच, म्हणून आमच्या मुलांना समजवावा लागत नाही.) फरकात क्रम दिसला नाही तर पट, वर्ग, एक सोडून एक संख्या. तरीही अडले तर? हे पाहा : १६, २३, २८, ३८, ४९, ६२, ?

फरक ७, ५, १०, ११, १३. काहीच लागत नाही. पण १६ चे अंक मिळवा : १ + ६ = ७. ते १६ मध्ये मिळवले की २३. २३ चे अंक ५, म्हणून २८. शेवटी ६२ + ८ = ७०.

संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवण्याचा हा खेळ द. रा. कापरेकरांचा. डहाणूला १९०५ साली जन्मलेले कापरेकर देवळालीत शाळामास्तर होते, १९६२ मध्ये निवृत्त झाले. पदवी बी.एस्सी.ची. पण ६१७४ हा 'कापरेकर स्थिरांक' जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. या बेरजेतून जी संख्या कुठूनच तयार होत नाही, तिला ते 'स्वयंभू' म्हणत. ९ च्या पुढच्या स्वयंभू संख्या अशा : २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७, १०८. प्रत्येक वेळी ११ ची उडी.

वर्गात फळ्यावर एवढे लिहून आम्ही पुढची विचारली. सगळे एका सुरात ओरडले, ११९! ती मुलगीही.

उत्तर ११० आहे. "का?" तिने विचारले, आणि आम्ही सांगायच्या आत वहीच्या मागच्या पानावर १०० पासून एकेका संख्येत तिचे अंक मिळवून पाहू लागली. १०९ ला थांबली. १०९ आणि १०, ११९.